घर दाखवताना मालकाने बाहेर जावे

७ सप्टेंबर, रविवार

घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे मंजूषा कधीची म्हणत होती, आज मी हो म्हटलं. तिचं म्हणणं, योगिनी लग्न होऊन नाशिकला गेल्यापासून घर दोघांना मोठं पडतं. मी म्हटलं, घर होतं तेवढंच आहे, ते मोठं कसं होईल? तिला छोटा फ्लॅट हवा आहे आणि तोही तळमजल्यावर. तळमजलाच का, तर म्हणे कुंड्यांना बरं पडतं.

बाग सेवनियातलं हे घर मी स्वतः आखलं. इंजिनियरने फक्त सही केली, आणि करताना दोनदा विचारलं, "पक्का? किचन ऊपर?" पक्का. स्वयंपाकघर वर असलं की धूर, वास, उष्णता वरच्या वर निघून जाते आणि खालच्या खोल्या गार राहतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर मी शिकायला कुठे गेलो नाही. मोटर वाइंडिंग, वायरिंग, नळकाम, सगळं उघडून-जोडून शिकलो, आणि अशोका गार्डनमधलं दुकान त्यावरच उभं आहे.

वरचं सामान खाली यावं म्हणून जिन्याच्या कडेला पोकळी ठेवून तिच्यात दोरी-कप्पीची पेटी बसवली आहे. आम्ही तिला पाळणा म्हणतो. पाळण्याने कठड्याची जागा घेतली, पण सोय मोठी झाली. मंजूषा वरून घंटी वाजवते, मी खाली कामाच्या टेबलाशी बसून दोर ओढतो, चहा हजर. अख्ख्या भोपाळमध्ये असं घर दुसरं नसेल.

फक्त चहा कोमट येतो. हातातल्या मोटरची गुंडाळी पुरी करून मी दोर ओढतो तोवर तो निवलेला असतो. पोकळीत वाऱ्याचा झोत असावा. बघायला हवं.

१० सप्टेंबर, बुधवार

दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्याचा मेहुणा गिरीश मालमत्तेची दलाली करतो. त्याला बोलावलं. मी भाव सांगितला. त्याने घर पाहण्याआधीच मान डोलावली, "मिल जाएगा अंकल." मी परीक्षा म्हणून भाव आणखी वाढवला. "वो भी मिल जाएगा."

जो माणूस कशालाच नाही म्हणत नाही त्याने काही मोजलेलं नसतं. तरी काम दिलं, कारण हार्डवेअरवाला रोज तोंडासमोर असतो.

मंजूषाने सुचवलं, पितृपक्ष संपू दे, आत्ता कोण घर बघायला येणार? मी म्हटलं, आपल्याला असले लोक नकोतच.

१४ सप्टेंबर, रविवार

एकही माणूस आला नाही. मात्र मोबाइलवर गिरीशची जाहिरात पाहिली. घर "पूर्वमुखी" लिहिलं आहे. घर पश्चिमेला तोंड करून आहे, हे संध्याकाळी ओट्यावर उभं राहिलेल्या कोणालाही डोळ्यावर हात धरून सांगता येईल.

फोन केला. "अंकल, इतना तो चलता है. पूरब लिखो तो लोग देखने आते हैं."

"आणि आल्यावर? सूर्य फिरवणार का?"

तो हसायला लागला. मी काम काढून घेतलं. हार्डवेअरवाला आता माझ्याशी बोलत नाही. स्क्रू दुसरीकडून घ्यावे लागणार.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा दलाल. कंपनीचा छापील टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने कॅमेऱ्याला कसलंसं भिंग लावून फोटो काढले. फोटोत आमची बैठकीची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. मंजूषा म्हणाली, "बघा, सोफा तिकडे दूर गेला, आता चहा द्यायला रिक्षा लागेल."

मी त्याला पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल सांगायला लागलो तर तो घड्याळाकडे बघत होता. परत पाठवला.

जिन्याच्या भिंतीवर हाताच्या उंचीला पुन्हा काळपट पट्टा आला आहे. दर दिवाळीला रंगवतो, दर वर्षी येतो. रंगात भेसळ. विक्रीआधी चांगला रंग आणून लावला पाहिजे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज तिसरी व्यक्ती आली, मेघा शितोळे. मंजूषाच्या भजनी मंडळातल्या कोणीतरी नाव सांगितलं. पस्तिशीची असेल. मूळ ग्वाल्हेरची, मराठी बोलते, पण त्या मराठीला हिंदीचं अस्तर आहे.

मी दुकानातून यायच्या आधीच ती येऊन वर मंजूषाशी बोलत बसली होती. बऱ्याच वेळाने खाली आली आणि पहिलाच प्रश्न, "काका, गच्चीचा उतार कोणी काढला? पाणी एका बाजूलाच जातं, कुठे थांबत नाही."

एवढ्या वर्षांत हे कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं! मग म्हणाली, "आणि मीटरच्या बोर्डावर प्रत्येक खोलीचं नाव तुम्ही पेंटने लिहिलंय ना? असं तर मी कुठेच नाही पाहिलं." बोर्ड जिन्याखाली दरवाज्याआड आहे. तिथवर नजर पोचणं सोपं नाही. बाई हुशार आहे.

मंजूषा वरून पाळण्यात पोहे सोडत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

मग मेघाने दोन गोष्टी बोलून माझी मर्जी घालवली. एक, माझा भाव जास्त आहे. "काका, हा भाव घराचा नाही, तुमच्या मेहनतीचा आहे. घेणारा मेहनतीचे पैसे नाही देत." दोन, वरचं स्वयंपाकघर विक्रीला अडचण करेल.

"अडचण? तोच तर या घराचा प्राण आहे."

"प्राण आहे काका, पण वर आहे ना."

२१ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस विचार केला. गिरीश माझ्या प्रत्येक शब्दाला हो म्हणाला होता, ही नाही म्हणते. पण हिने गच्चीचा उतार पाहिला.

मंजूषा म्हणाली, "मला विचाराल तर हीच." मी म्हटलं, निर्णय मी गुणवत्तेवर घेणार. गुणवत्तेवरही हीच निघाली.

अटी ठरल्या. तीन महिने दुसरा दलाल नाही. जाहिरातीत एक शब्द खोटा नाही, ही माझी अट. तिने ती लगेच मान्य केली आणि वर म्हणाली, "पश्चिममुखी स्पष्ट लिहीन. जे येतील ते बघूनच येतील, माझा पण वेळ वाचतो." भाव मी थोडा उतरवला, तिने थोडा चढवला. बरं वाटलं.

उद्यापासून नवरात्र, म्हणजे लोक घर बघायला निघतील. मंजूषाचा पितृपक्षाचा अंदाज बरोबर होता, हे इथे नोंदवून ठेवतो. तिला सांगितलेलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं कुटुंब आलं. रेल्वेतला माणूस, बायको, आई. मी त्यांना सगळं नीट दाखवलं. आधी जमिनीखालची पाइपलाइन कुठून जाते ते फरशीवर खडूने आखून. मग अर्थिंगचा खड्डा. मग पूर्वी मागच्या भिंतीत ओल यायची ती कशी आली, मी ती कशी शोधली, प्लास्टर कुठवर खरवडलं, आत काय भरलं, सगळं क्रमाने. माणसाला वस्तू घ्यायची तर तिची दुखणी माहीत हवीत.

वर स्वयंपाकघर दाखवलं तेव्हा त्यांची आई जिन्याच्या निम्म्यावर बसून राहिली. म्हणाल्या, "तुम लोग देख आओ." मी त्यांच्यासाठी पाळणा चालवून दाखवला. त्यांनी विचारलं, "इसमें आदमी नहीं बैठ सकता?"

कुटुंब चांगलं होतं, पण नंतर त्यांचा फोन नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मेघा आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, आता माझी एक अट. घर दाखवताना तुम्ही घरी नाही राहायचं."

"माझं घर, आणि मीच नाही?"

"तुमचं आहे म्हणूनच. लोकांना घरात स्वतःला बघायचं असतं. तुम्ही समोर असलात की त्यांना तुम्हीच दिसता."

"मग ओलीचं कोण सांगणार?"

"मी सांगीन. लपवणार नाही. पण एका वाक्यात."

एका वाक्यात! ती ओल शोधायला माझा अख्खा पावसाळा गेला होता.

मंजूषा म्हणाली, "अहो, जरा ऐका ना तिचं. माझ्यासाठी." ती असं सहसा म्हणत नाही. मान्य केलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा झाला. मेघाने माझ्यावर एक जबाबदारी टाकली आहे. तिच्याकडे विक्रीला आलेले फ्लॅट मी तपासून द्यायचे. "तुमच्यासारखी नजर माझ्याकडे नाही ना काका. आणि तुम्हालाही एक घ्यायचाच आहे." योग्य बोलली. काल-आजमध्ये तीन पाहिले. पहिल्यात न्हाणीघराचा उतार उलटा. दुसऱ्यात अर्थिंगची तार नुसती दिसायला सोडलेली, जोडलेली कुठेच नाही. तिसरा बरा, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि मंजूषाने तर तळमजलाच धरून ठेवलाय. प्रत्येकाचं टिपण तिला सविस्तर पाठवलं. तिने अंगठा पाठवला.

मी फ्लॅट बघत असताना इकडे दोन कुटुंबं घर बघून गेली म्हणे. वेळा कशा बरोबर जुळल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

फ्लॅट सापडला. होशंगाबाद रोडच्या आतल्या बाजूला, तळमजला, स्वयंपाकघरासमोरच बसायची जागा, मागे कुंड्यांपुरती मोकळी जमीन. वायरिंग मी स्वतः तपासलं, ठीक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची बिजागरी तेवढी सैल. मंजूषाला घेऊन गेलो आणि म्हटलं, मी निवडलाय, बघ पटतो का. तिने सगळीकडून फिरून बघितलं आणि म्हणाली, "तुमची निवड म्हणजे काय!"

निघताना चौकीदार तिला म्हणाला, "आंटी, फिर आ गईं?" या लोकांना सगळ्या बायका सारख्याच दिसतात. मी त्याला सांगितलं, आम्ही पहिल्यांदाच आलो आहोत. तो मंजूषाकडे बघत राहिला. ती कुंड्यांची जागा बघत होती.

अडचण एक. फ्लॅटच्या मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मेघाने त्याला धनत्रयोदशीपर्यंत थांबवलं आहे. तोवर आमचं घर गेलं नाही तर फ्लॅट गेला. घरी येताना रिक्षात मंजूषा म्हणाली, "गेला तर गेला. दुसरा बघू." पण हात माझ्या हातावर ठेवला होता आणि तो घट्ट होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

मंजूषाने सकाळीच हुकूम सोडला, दिवाळीच्या फराळाला हरभऱ्याची डाळ करोंदच्या मंडीतल्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडूनच हवी. मी म्हटलं, कोपऱ्यावर मिळते. "त्या डाळीचे लाडू वळत नाहीत." म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणं आलं. गेलो. रविवारी त्याचं अर्धं शटर खाली होतं, तो निघतच होता. दोन दाणे दाताखाली फोडून मगच घेतली.

परत आलो तर मेघा ओट्यावर चप्पल घालत होती. एक जोडपं येऊन गेलं होतं. अनिकेत आणि प्रिया, उज्जैनचे, मराठी. तो बँकेत, ती फिजिओथेरपिस्ट. ते पुन्हा येणार आहेत, आणि ज्यांनी घर बांधलं त्यांना भेटायचं म्हणतात.

मी मंजूषाकडे पाहिलं. "बघ! शेवटी माणूस लागतोच."

मेघाने कपाळाला हात लावला. "काका, फक्त विचारतील तेवढंच. प्लीज. एक प्रश्न, एक उत्तर."

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

दोघं संध्याकाळी आली. मी खुर्चीत बसून राहिलो. खडू खिशात होता, काढला नाही. प्रियाने पाळणा पाहून विचारलं, "काका, यात किती वजन चालतं?" मी म्हटलं, "पंधरा किलो." आणि थांबलो. कप्पीचं माप, दोराची जात, काहीही बोललो नाही. मेघा माझ्याकडे असं बघत होती जसं काही मी उपवास केलाय.

मग प्रिया म्हणाली, आम्हाला हे घर स्वयंपाकघर वर आहे म्हणूनच आवडलं. खाली तिचं क्लिनिक होईल, पेशंटना एक पायरी चढायची गरज नाही, आणि त्यांचं राहणं-जेवणं वर. गरम पाण्याच्या पिशव्या पाळण्यातून खाली येतील. मला काय वाटलं ते इथे लिहिणं अवघड आहे. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघराला हो म्हणणारं पहिलं माणूस.

घंटी वाजली. मी उठून दोर ओढला, चिवड्याच्या बश्या आल्या. त्यांच्या मागून मंजूषा जिना उतरू लागली. अनिकेत नळाच्या दाबाबद्दल काही विचारत होता आणि मी उत्तर देत होतो, पण प्रिया बोलता बोलता थांबली आणि जिन्याकडे बघू लागली. म्हणून मीही बघितलं.

मंजूषा आडवी उतरत होती. भिंतीकडे तोंड करून, तळहात भिंतीवर टेकून. एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, मग पुढची. ती नेहमी तशीच उतरते. साडीमुळे असेल असं मला वाटत आलं आहे.

"काकू, कधीपासून असं उतरता?"

"असंच. सवय झाली."

"दोन्ही गुडघे?"

"उजवा जास्त."

"दिवसातून किती फेऱ्या होतात?"

मंजूषा हसली. "मोजायचं काम यांचं."

सगळे हसले. मीही हसलो.

तिचा तळहात भिंतीवरून जिथून खाली आला, तिथेच तो काळपट पट्टा आहे. रंग मी परवाच आणून ठेवला आहे, चांगल्या कंपनीचा. तो आज लावायचा होता, लावला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मेघाचा सकाळी फोन. अनिकेत-प्रियाचा आकडा माझ्या ठरलेल्या भावाच्या खाली आहे. मी आधी तिला बजावून ठेवलं होतं की एक पैसा खाली येणार नाही. ती घाबरत घाबरत म्हणाली, "काका, मी त्यांना अजून थोडं वर आणू शकते, पण वेळ लागेल. धनत्रयोदशी परवावर आली."

मी म्हटलं, "हो सांग."

"हो म्हणजे?"

"त्यांचाच आकडा."

"काका, तब्येत ठीक आहे ना?"

मी तिला कारण सांगितलं. पाळणा काढणार नाही, असं ते लिहून द्यायला तयार आहेत, कालच म्हणाले. एवढी समजणारी माणसं पुन्हा मिळणार नाहीत. "एवढ्यासाठी?" "एवढ्यासाठीच."

मंजूषालाही तेच सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली आणि डाळ भाजायला वर गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान बंद ठेवलं. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत पाइपचा दांडा बसवला. उंची ठरवायला माप घ्यावं लागलं नाही, पट्ट्यावरच बसवला. मेघा बयान्याचे कागद घेऊन आली होती, ती म्हणाली, "विकलेल्या घराला कोण खर्च करतं काका? आणि त्यांच्या पेशंटना तर वर जायचंच नाही."

मी म्हटलं, ताबा द्यायला अजून महिना आहे.

तिने कागद टेबलावर ठेवले. जाताना मला नमस्कार केला, वाकून. दलाली ठरलीच आहे, मग वाकायचं काय कारण, कळलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

दोन्ही बयाने झाले, इकडचा घेतला, तिकडचा दिला. फ्लॅटचा मालक सही करताना मंजूषाला म्हणाला, "मैडम, आखिर मना ही लिया आपने." मी विचारलं, कुणाला? मेघाला जोरात खोकला आला.

लाडू चांगले वळले. डाळ करोंदचीच हवी, हे खरं निघालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताबा दिला. प्रियाला मीटरचा बोर्ड, टाकीचा व्हॉल्व्ह, पाळण्याचा दोर दाखवला. यावेळी मेघाने थांबवलं नाही, स्वतःच म्हणाली, "आता बोला काका, पोटभर." ओलीची हकिगत अनिकेतने पूर्ण ऐकली, मधे तीन प्रश्नही विचारले. प्रियाने मंजूषाला व्यायाम लिहून दिले आणि माझ्याकडून वचन घेतलं की ते रोज करून घ्यायचे. मी म्हटलं, अंशांत सांगा, पाय किती वाकवायचा.

७ डिसेंबर, रविवार

फ्लॅटमध्ये स्थिरावलो. खिडकीची बिजागरी घट्ट केली. कुंड्या मागे मांडल्या. मेघाचा फोन होता, एका गिऱ्हाइकासाठी फ्लॅट तपासायचा आहे, आणि या वेळी खरोखरच तपासायचा आहे, असं म्हणाली. मागच्या वेळी तपासायचा नव्हता का? विचारायचं राहून गेलं.

दुपारी टेबलावर एक पंख्याची मोटर उघडून बसलो होतो. मंजूषाने घंटी वाजवली नाही. इथे घंटी नाहीच. ती स्वयंपाकघरातून सरळ चालत आली, चहा समोर ठेवला आणि दुसरा कप घेऊन समोरच्या खुर्चीवर बसली. गुंडाळी अर्धी होती, पण ती बसली म्हणून मी हात पुसले.

चहा चांगलाच गरम होता. जीभ भाजली.

ती खिडकीबाहेर कुंड्यांकडे बघत पीत होती. मी बराच वेळ आठवत होतो की त्या घरात ती चहा कुठे बसून प्यायची. आठवलं नाही. शेवटी तिला विचारलं.

"वरच," ती म्हणाली. "ओट्याला टेकून. तुम्ही दोर कधी ओढता ते ऐकत."

उद्या मोटर पूर्ण करतो.